इस्त्री मोडलेला डोंगर

माझ्या भावोजींना सगळं गाव इस्त्री म्हणतं. कपड्यांशी त्यांचा काही संबंध नाही. स्वतःचा शर्ट ते रात्री उशीखाली दाबून ठेवतात आणि सकाळी तोच अंगात घालतात. ते डोझर चालवायचे. आमच्या उघड्या कोळसा खाणीत त्यांनी जन्मभर रस्ते केले, कडा बांधल्या, ढिगारे सारखे केले, आणि त्यांचं पातं जिथून फिरलं तिथं जमिनीवर सुरकुती म्हणून राहत नसे. भरलेले ट्रक खालून वर चढायचे तेव्हा ड्रायव्हर लोक बिनधास्त समोर चहाचा पेला ठेवायचे. पेला हिंदकळला की समजायचं, आज इस्त्री सुट्टीवर आहे.

मी त्यांची मेहुणी, त्यांच्या बायकोची धाकटी बहीण. म्हणजे त्यांना चार शब्द सुनवायचा हक्क माझाच, आणि तो मी कधी वाया घालवलेला नाही. खाणीच्या फाटकावरच्या वजनकाट्यावर मी नोकरीला होते. आत जाणारा आणि बाहेर येणारा प्रत्येक ट्रक माझ्या खिडकीखाली थांबायचा, ड्रायव्हर तोंड उघडायचा आणि आतली खबर बाहेर यायची. तेव्हा मी जे सांगते ते ऐकीव गप्पांमधलं नाही, बघितलेलं आहे.

भावोजींच्या खिशात बेअरिंगची एक गोळी असायची. काम संपलं की खाली उतरायचं, गोळी जमिनीवर ठेवायची आणि कमरेवर हात ठेवून बघत बसायचं. गोळी जागची हलली नाही की स्वारी खूश. हलली, तर परत डोझरवर. ताई घरी ताट झाकून वाट बघतेय, याचं त्यांना काही सोयरसुतक नसे. मी म्हणायचे, "भावोजी, उद्या तिथं सुरुंगच लावणार आहेत. कोणासाठी एवढं घासताय?" ते म्हणायचे, "धाकटे, सुरुंगालासुद्धा नीट जागा लागते."

हा नुसता टापटिपीचा सोस मात्र नव्हता. त्यांचा थोरला भाऊ त्याच खाणीत ट्रकवर होता. एका ढिगाऱ्याच्या कडेची माती सैल राहिली होती. मागचं चाक खचलं आणि ट्रक त्याच्यासकट खाली गेला. भावोजी तेव्हा नुकते डोझरवर बसायला लागले होते. त्यानंतर सैल माती दिसली की त्यांचं डोकं फिरायचं. एकदा दाबलेली जागा परत दाबायची, मग आणखी एकदा. सुपरवायझर डिझेलच्या नावानं बोंब मारायचा. "डिझेल परत मिळतं," एवढंच ते म्हणायचे आणि डोझर पुन्हा मागे घ्यायचे.

मग कोळसा संपला. खाण बंद झाली, कंपनीनं पाटी उतरवली, आणि आमच्या उरावर दोन गोष्टी राहिल्या. एक तो खड्डा, आणि दुसरा त्या खड्ड्यातून काढलेल्या दगडमातीचा डोंगर. डोंगर म्हणजे खरोखरच डोंगर, काळा, बोडका, वरच्या आळीच्या अगदी मानेवर बसलेला. वरच्या आळीत ताईचं घर. दर पावसाळ्यात त्या डोंगराचा काळा चिखल आळीत उतरायचा आणि लोकांच्या घरात शिरायचा. म्हणून तिथल्या प्रत्येक दाराच्या चौकटीला खाली दोन्हीकडे खाचा पाडलेल्या होत्या आणि त्यांत एक रुंद फळी उभी बसवलेली होती. घरात जायचं तर फळी ओलांडून. म्हातारी माणसं धरून धरून ओलांडायची, पाहुणे हमखास अडखळायचे. ताईची फळी भावोजींनी रंधा मारून काचेसारखी गुळगुळीत केली होती. तिच्यावरून चिखल मात्र तेवढ्याच आनंदानं आत यायचा. ताई पत्र्याचं सूप घेऊन तो भरायची आणि बाहेर टाकायची, आणि टाकता टाकता खाणीचा, कंपनीचा आणि नवऱ्याचा एका दमात उद्धार करायची.

आता पैशाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. खाण उघडताना कंपनीला बँकेत एक मोठी अनामत ठेवावी लागली होती. कायदाच तसा. कंपनी पळाली, बुडाली, काही झालं तरी त्या पैशातून जमीन पूर्ववत करायची, दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. तो पैसा सांभाळायला शहरात एक निधी कार्यालय होतं. काम गावच्या समितीनं करायचं आणि पैसे तीन हप्त्यांत मिळायचे. खड्डा भरून डोंगराला धड उतार दिला की पहिला हप्ता संपला. तो पास झाला की दुसरा, वरची माती, बियाणं आणि रोपं यांच्यासाठी. आणि हिरवळ धरून उतार पक्का झाला की तिसरा. हे सगळं ठरल्या मुदतीत झालं नाही, तर राहिलेल्या पैशातून डोंगराला कुंपण घालायचं आणि वरची आळी धोक्याची म्हणून उठवायची. घरं पाडायची, माणसं दुसरीकडे न्यायची. कागदावर ते एका ओळीत लिहिलेलं होतं.

समितीचे अध्यक्ष म्हणजे आमच्या गावचे लोखंडी सामानाचे दुकानदार. माणूस सज्जन, पण मान डोलावण्यात पटाईत. तुम्ही हो म्हणा, ते हो म्हणणार; तुम्ही नाही म्हणा, तरी ते होच म्हणणार. मात्र एक काम त्यांनी शहाणपणाचं केलं. बाहेरचा ठेकेदार न आणता खाणीवरच्याच माणसांना कामाला घेतलं. मी परत माझ्या काट्यावर बसले. ज्या काट्यावर कोळसा बाहेर जाताना तोलला, त्याच काट्यावर आता माती आत जाताना तोलायला लागले. खाण उघडताना वरची सुपीक माती खरवडून रेल्वे रुळांपलीकडे ढीग लावून ठेवलेली होती, ती परत यायला लागली. आणि भावोजी परत डोझरवर चढले.

काय काम केलं त्यांनी. डोंगराचा माथा खाली आणला, खड्डा भरला, उतार असा घातला की आळीतून बघावं तर आभाळाला टेकवलेला पाट वाटावा. वर सुपीक माती पसरली आणि तीसुद्धा डोझरला चाकांऐवजी असते त्या लोखंडी चेनच्या वजनाखाली घालून घालून दाबली. सूर्य कलला की उतार चमकायचा. लोक संध्याकाळी बघायला यायचे. खाण बंद झाल्यापासून गावात जो तो मान खाली घालून चालायचा, त्या गावाची छाती फुगली. माझीसुद्धा फुगली, खोटं कशाला बोलू.

फक्त वरच्या कोपऱ्यात एक तुकडा राहून गेला. तिथं ट्रकांनी माती नुसती ओतून ठेवली होती, ढिगाशेजारी ढीग, आणि नेमकी तेव्हा डोझरच्या चेनची पिन तुटली. नवी पिन येईपर्यंत पावसाळा तोंडावर आला, आणि पहिल्या हप्त्याची तपासणी येऊन ठेपली. भावोजींना त्या तुकड्याची एवढी लाज वाटली की त्यांनी खाणीतला एक बंद पडलेला पाण्याचा टँकर ओढून आणवला आणि त्या ढिगांच्या पुढे आडवा लावला. दोन बाजूंना पिंपं रचली. मी काट्यावरून बघत होते. मला कोणी काही विचारलं नाही, मग मी कशाला बोलू?

तपासणीला निधी कार्यालयाचे साहेब आले. पॉलिश केलेले बूट, हातात फाइल. ते त्या बुटांनी उतारावरून चालत गेले आणि परत आले तेव्हा बुटांना माती लागली नव्हती. "असं काम मी पाहिलेलं नाही," ते म्हणाले. अध्यक्षांनी मान डोलावली. साहेबांनी भावोजींचा हात हातात घेतला. त्या दिवशी भावोजी घरी चालत आले नाहीत, तरंगत आले. दुसऱ्या हप्त्यातलं बियाणं आलं, फेकून झालं, आणि आम्ही सगळे हिरव्या डोंगराची वाट बघत बसलो.

पावसानं आमचं नाक कापलं. उतारावर पडलेला थेंब न् थेंब आत न मुरता सरळ खाली धावला, आणि जाताना बियाणं घेऊन गेला. मग पाण्यानं जागोजाग घळी पाडल्या आणि माती उतरली. आळीत चिखल यायचा तो पूर्वीपेक्षा दुप्पट आला. फळ्या बुडाल्या. ताईच्या पलंगाचे पाय चिखलात रुतले. आणि पाऊस थांबल्यावर आळीत, सगळ्यांच्या दारापुढच्या चिखलात, काय सुंदर गवत उगवलं म्हणून सांगू. पेरलं डोंगरावर, उगवलं ताईच्या उंबऱ्याशी. डोंगर होता तसाच बोडका. मी हसून बघितलं, पण कोणी साथ दिली नाही.

निधी कार्यालयाचं पत्र आलं. आणखी एक पावसाळा बघू, उतार धरला नाही तर आळी रिकामी करावी लागेल. त्या रात्री ताई जेवली नाही. ती त्या घरात लग्न होऊन आली होती, सासू तिथंच गेली, दोन्ही मुली तिथंच चालायला शिकल्या. "चिखल काढीन मी," ती म्हणाली, "जन्मभर काढीन. पण घर सोडून मला कुठं जायचं नाही." दुसऱ्या दिवशी उठून भावोजींनी घळी बुजवल्या आणि उतार आणखी घट्ट दाबला. त्यांना तेवढं एकच औषध माहीत होतं.

मग समितीनं मातीवाल्या बाईंना बोलावलं. शेतकी कॉलेजात शिकवायच्या, गुडघ्यापर्यंत बूट, बोलणं सरळ. येताना त्यांनी एक लोखंडी सळई आणली होती, जमिनीत खुपसून बघायची. त्यांनी ती उतारावर रोवली, अंगाचा भार टाकला. सळई बोटभरही आत गेली नाही. दुसऱ्या जागी तेच. तिसऱ्या जागी सळई वाकली.

"काका," त्या भावोजींना म्हणाल्या, "तुम्ही डोंगर नाही, फरशी केलीय. पाणी आत जायला जागा नाही आणि मुळाला पाय ठेवायला जागा नाही. हे सगळं उकरायला लागेल. खोल, वेडंवाकडं, खड्डे ठेवून. मग धरेल."

भावोजींचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांच्या मुलीला नावं ठेवली. "सैल केलं तर डोंगर खाली येईल. आळीवर येईल. तुम्हाला माहीत नाही, मी बघितलंय." आणि ते तिथून निघून गेले. बाईंना भावाची गोष्ट माहीत नव्हती. मी त्यांना काट्यावर चहा पाजला आणि सांगितली. त्यांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "ती ट्रक उभे करायची कडा होती. तिथं घट्टच पाहिजे. पण हा उतार आहे, याच्यावर ट्रक नाही, झाडं उभी करायचीत. हे त्यांना कसं सांगू?"

मी म्हटलं, "सांगून बघा. मी इतकी वर्षं सांगतेय, तुम्हाला यश आलं तर मलाही शिकवा."

पण बाईंचं म्हणणं भावोजींना पटलं असतं तरी उपयोग नव्हता. घोडं पुढेच अडलं. उकरायचं तर डिझेल लागणार, माणसं लागणार. निधी कार्यालयानं काखा वर केल्या. जे काम आम्ही तपासून पास केलं, ते मोडायला आम्हीच पैसे कसे देऊ? त्यांचंही एका परीनं खरं होतं. शेवटी बाईंनी एवढा तगादा लावला की साहेब स्वतः यायला तयार झाले. जागेवर बघतो, पटलं तर ठीक, नाहीतर दुसऱ्या हप्त्याचं उरलेलं थांबवतो आणि आळी उठवायच्या तयारीला लागतो, असं म्हणाले.

ते आले त्या दिवशी अख्खी वरची आळी डोंगरावर जमली होती. ताईसुद्धा आली, हातात ते पत्र्याचं सूप तसंच. साहेब, अध्यक्ष, आम्ही काट्यावरचे, यंत्रांवरचे ऑपरेटर, आणि सगळ्यांच्या मागे, कमरेवर हात ठेवून, भावोजी. बाईंनी एक बादली पाणी उतारावर ओतलं. पाणी घरंगळत गेलं आणि थेट साहेबांच्या बुटांवर थांबलं. साहेबांनी बूट झटकले. "एका बादलीवरून मी काय ठरवू?" ते म्हणाले. "हीच माती खराब असेल. खाणीची माती, तिच्यात काही उगवतच नसेल. मग उकरून तरी काय होणार?"

बाई इकडेतिकडे बघायला लागल्या, आणि त्यांना तो टँकर दिसला. त्याच्या बाजूच्या पिंपांवरून हिरवं काहीतरी डोकावत होतं. त्या तरातरा चालत गेल्या. आम्हीही मागोमाग गेलो. पिंपं सरकवली.

त्या टँकरमागे कमरेएवढं गवत होतं. त्यात शेंगा धरलेली झुडपं, पिवळी फुलं, दोन-तीन रोपं तर माझ्या उंचीची. ढिगांमधल्या खळग्यांत अजून पाणी साचलेलं होतं आणि मधमाश्या घोंगावत होत्या. बाईंनी सळई रोवली, ती हातभर आत गेली. "हा तुकडा कोणी केला?" त्यांनी विचारलं.

ऑपरेटर लोक एकमेकांकडे बघायला लागले, मग जमिनीकडे. सगळ्यांना माहीत होतं. इस्त्रीच्या तोंडावर इस्त्रीचं लपवलेलं काम कोण उघडं पाडणार? साहेब म्हणाले, "ही मूळची जमीन राहिली असेल. खाणीच्या आधीची. इथली मातीच वेगळी." आणि त्यांनी फाइल मिटली. फाइल मिटली तशी ताईनं सूप छातीशी घट्ट धरलं. आता बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा भावोजी माझ्या आधी बोलले.

"माती तीच आहे, साहेब," ते म्हणाले. गर्दीतून वाट काढत ते पुढे आले. "हा तुकडा माझा आहे. माझी चेन तुटली म्हणून हा असा राहिला. लाज वाटली म्हणून मीच टँकर लावून झाकला."

साहेबांनी विचारलं, "म्हणजे दोन्हीकडे सगळं सारखंच?"

"माती सारखी, ट्रक सारखे, बियाणं सारखं, पाऊस सारखा. हिला विचारा, हिनं तोललीय." भावोजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी मान हलवली. मग त्यांनी खाली उतरत जाणाऱ्या त्या चकचकीत उताराकडे बघितलं. "फरक एवढाच, की इथं मी फिरलो नाही."

त्यांच्या आवाजात काही कमीजास्त नव्हतं. माझ्या डोळ्यांना मात्र धार लागली. ज्या माणसानं आयुष्यभर एका गोळीला हलू दिलं नाही, तो गावासमोर उभा राहून सांगत होता की माझा हात लागला तिथं वाळवंट झालं. मला वाटलं धावत जाऊन त्यांना धरावं. ताईनं सूप खाली ठेवलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, बस. आम्हा बहिणींपैकी शहाणी तीच.

साहेब बराच वेळ गवतातून फिरले. बाहेर आले तेव्हा पँटला कुसळं चिकटली होती. "पास मीच केलं होतं," ते म्हणाले. "मलाही तेच छान वाटलं होतं." मग फाइल उघडून तिथंच, टँकरच्या बॉनेटवर टेकवून, त्यांनी लिहिलं की दुसऱ्या हप्त्यातून आधी उतार उकरायचा खर्च करावा, जबाबदारी त्यांची. आणि मुदत तीच, एक पावसाळा. मी त्या माणसाला मनात फार बोलले होते. ते सगळं मी परत घेतलं.

आता उकरणार कोण? अध्यक्ष म्हणाले, दुसरा ऑपरेटर देऊ. भावोजी म्हणाले, "मी घातलेली इस्त्री मीच मोडणार." पण त्याआधी त्यांनी बाईंकडून एक गोष्ट कबूल करून घेतली. माथ्यावर जिथं ट्रक उभे राहतील ती कडा ते दाबणार, आणि तिथं कोणी त्यांना शिकवायचं नाही. बाईंनी हात जोडले. त्या कडेवर त्यांनी त्यांच्या पद्धतीनं, परत परत फिरून, डोझर चालवला. बेअरिंगची गोळी ठेवून बघितली. मग गोळी खिशात टाकली आणि उताराकडे वळले.

डोझरच्या मागे एक लोखंडी दात असतो, माणसाएवढा, जमिनीत रुतवून ओढायचा. त्या दातानं त्यांनी उतार फाडायला सुरुवात केली. ऐकायला सोपं वाटतं. पण तो हात काय सवयीचा गुलाम झालेला होता म्हणता. दहा पावलं उकरायचे आणि नकळत मागे येता येता पातं टेकवून परत सारखं करून टाकायचे. मी खालून ओरडायचे, "भावोजी, नीट होतंय!" ते दचकून पातं वर घ्यायचे. असं सगळा दिवस. गावात कोणी कोणाला "नीट करू नका" म्हणून शिव्या घातल्या असतील तर त्या मीच. जुने ऑपरेटर चहाला यायचे आणि चिडवायचे, "दादा, फार सुबक खड्डा पडला तो, जरा बिघडवा." भावोजी खाली मान घालून परत वर जायचे. पहिले काही दिवस त्यांना जेवण गेलं नाही. ताई म्हणाली, झोपेत हात सारखा चादरीवरून फिरतो, सुरकुत्या काढतो.

मग हळूहळू त्यांना त्यातलं मर्म सापडलं, आणि एकदा सापडल्यावर तो माणूस ऐकतोय होय. बाईंनी सांगितलं होतं खड्डे ठेवा. यांनी पाणी कुठून येतं ते बघून खड्डे ठेवले, असे की वरच्या खड्ड्यातून सांडलं तर खालच्यानं झेलावं. मोठे दगड आणून मध्ये मध्ये टाकले, त्यांच्या आडोशाला रोपं लावली. उतार इतका विद्रूप झाला की शेजारच्या गावचे लोक येऊन विचारायचे, काय हो, भूकंप झाला का? भावोजी त्यांना म्हणायचे, "अजून पूर्ण झालं नाही. तो तिकडचा भाग जरा बरा दिसतोय, तो उद्या बिघडवतो." हे म्हणताना त्यांची मान ताठ असायची. ती पुन्हा ताठ झालेली बघून माझा जीव भांड्यात पडला.

पावसाळा आला तेव्हा आळीतल्या एकाही माणसानं फळी काढली नाही. ताई दारात सूप घेऊन बसली. जोराचा पाऊस झाला, दुपारभर झाला. आळीतून पाणी वाहिलं, पण स्वच्छ. ताईनं वाकून ओंजळीत घेतलं, बघितलं, आणि परत बसली. "येईल," म्हणाली, "चिखल मागून येतो." मागूनही आला नाही. दुसऱ्या पावसात नाही, तिसऱ्यात नाही. वर डोंगरावर आधी हिरवी लव आली, मग गवत, मग झुडपांनी डोकी वर काढली.

साहेब शेवटच्या तपासणीला आले ते साधे बूट घालून. तरी उतारावर चार पावलं गेले आणि गवतात झाकलेल्या एका खड्ड्यात मांडीपर्यंत गेले. भावोजींनी त्यांना हात देऊन वर काढलं. साहेब चिखलानं भरलेले, आणि हसत होते. तिसरा हप्ता पास झाला, आणि त्यांनी तिथंच सगळ्यांसमोर वाचून दाखवलं की वरची आळी जागची हलणार नाही. आळी एवढी ओरडली की रुळांपलीकडे ऐकू गेलं असेल. अध्यक्षांनी मान डोलावली, आणि त्या दिवशी त्यांच्या डोलावण्यालाही अर्थ होता.

ताईनं मात्र फळी ठेवलीच. "कागद ठीक आहे. पाऊस पूर्ण जाऊ दे." पाऊस पूर्ण गेला तेव्हा एका सकाळी तिनं स्वतःच फळीला हात घातला. इतक्या वर्षांचा चिखल खाचेत वाळून दगड झाला होता, फळी हलेना. भावोजी पहार घेऊन आले, मी एका बाजूनं धरलं, आणि ती एकदाची निघाली. ताई उंबऱ्याकडे बघत राहिली. मग ती घरात गेली, बाहेर आली, परत घरात गेली, पाय न उचलता, नुसती चालत. रडत होती आणि चालत होती. भावोजी फळी खांद्यावर टाकून डोंगराकडे निघाले. मी मागून गेले, कारण माझ्याशिवाय ते कुठंतरी काहीतरी सपाट करून ठेवतील अशी मला धास्ती.

त्यांनी वर दोन दगडांवर फळी टाकली आणि बसायला जागा केली. ती आजही तिथंच आहे. आता झाडं एवढी वाढलीत की फळीवर बसलं तरी आळीची फक्त छपरं दिसतात. भावोजी रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसतात, आणि पाहुणे आले की त्यांनाही ओढत नेतात. त्यांना सगळीकडे नजर फिरवायला लावतात आणि विचारतात, "काय, दिसतंय का कुठं माझं काम?" पाहुणा बिचारा गोंधळतो. झाडं, गवत, पाखरं, याच्यात काम कसलं दिसणार? घाबरत घाबरत तो म्हणतो, "नाही हो, काहीच दिसत नाही."

भावोजी माझ्याकडे बघतात. मिशीतल्या मिशीत हसतात. मग खिशात हात घालून ती बेअरिंगची गोळी काढतात, आपणच रंधा मारलेल्या त्या फळीवर ठेवतात आणि कमरेवर हात ठेवून बघत बसतात.